स्टेजवर खुर्ची नको

पांढरं कव्हर घातलेली खुर्ची पाठीला धरून उचलायची नसते. बैठकीखाली हात घालायचा, म्हणजे कव्हरला बोटांचे डाग पडत नाहीत. हे मी माझ्या माणसांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे आणि ते वर्षानुवर्षं पाठीलाच धरत आले आहेत. आता मी ओरडायचंही कमी केलंय. माझा मंडपाचा धंदा आहे. केजपासून वडवणीपर्यंत पतसंस्थेचं वर्धापन असो, दूध संस्थेची सर्वसाधारण सभा असो की कुणाचा सत्कार, स्टेजवरच्या खुर्च्या बहुतेक वेळा माझ्या असतात. जुन्या ओळखीचे लोक त्या खुर्च्यांकडे बघून हसतात. कारण एके काळी मी या भागात एकाच अटीसाठी प्रसिद्ध होतो: आम्ही वाजवत असताना स्टेजवर खुर्ची नको.

आम्ही म्हणजे चौघे. रॉक बँड म्हणायचो स्वतःला. मी गिटार वाजवायचो. लग्नाच्या वरातींत बँजो पार्टीबरोबर फिरून साठवलेल्या पैशांत एक जुनी गिटार मी घेतली होती. ड्रमवाला माझा वर्गमित्र. त्याचे वडील शाळेत शिक्षक, आणि त्याचा हात जयंतीच्या मिरवणुकीत तयार झालेला. बेसवाला औषधाच्या दुकानात कामाला होता. वर्षभरात तो जे बोलायचा ते सगळं एका चिठ्ठीवर मावलं असतं. चौथा गाणारा. वडवणीकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजसाठी केजला आलेला. आवाज असा की माइक बंद पडला तरी मागच्या रांगेला कळायचं नाही. माझा राग आहे तो याच्यावर.

रागाचं सांगण्याआधी सौद्याचं सांगतो. माझी आई आमच्या खेड्यातून येऊन केजच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. तिच्याशेजारी पोत्यावर बसून मी भाव करायला शिकलो. गिऱ्हाईक भाव ऐकून उठलं की तिसऱ्या पावलाला हाक मारायची नाही. आपण गरजू ठरतो. पाचव्या पावलाला ते दुसऱ्या पाटीपाशी पोचलेलं असतं. चौथ्याला मारायची. पुढे मीच गिऱ्हाईक झालो तेव्हा हे उलट बाजूने वापरलं. बोलणं अडलं की उठायचं आणि चार पावलं चालायचं. हाक येते. माझं सगळं आयुष्य या चार पावलांवर उभं राहिलंय. मोडलं तेही त्यांच्यावरच.

आमच्या जिल्ह्यात कार्यक्रम कुठलाही असो, स्टेजवर खुर्च्यांची रांग असते. आधी पाहुणे, मग हार, नारळ, शाल, फेटे. मग भाषणं. हे सगळं उरकलं की 'आता मनोरंजनाचा कार्यक्रम' म्हणून आम्हाला वर बोलवायचे. पण पाहुणे उठायचे नाहीत. ते मागे रांगेत बसून राहायचे आणि आम्ही त्यांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून वाजवायचो. खालचे लोक आमच्याकडे बघायचेच नाहीत. कोणता साहेब जांभई देतोय, कोण कुणाच्या कानात बोलतोय, हे बघायचे. एका पतसंस्थेच्या कार्यक्रमात आमचं दुसरंच गाणं चालू होतं. मागून एका पाहुण्याने माझ्या पोटरीला बुटाचं टोक लावलं आणि म्हणाला, "आवरा आता." आम्ही आवरलं. तो बूट मी विसरलेलो नाही.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. विहिरी तळाला गेल्या, कारखान्याला ऊस नव्हता, लग्नं साधी झाली, वराती बंद. आमचं काम संपलं. केजच्या बाहेर माळावर एका दूध संस्थेने चारा छावणी उघडली होती. गावोगावचे लोक जनावरं घेऊन तिथे राहायला आले होते, महिनोन् महिने. बांबू आणि ताडपत्रीचं एक गावच झालं होतं ते. चारा-पाणी संस्था द्यायची. माणसांना दिवसभर काम नव्हतं. पत्ते, नाहीतर भांडणं. मी संस्थेच्या चेअरमनकडे गेलो.

"छावणीत वाजवतो आम्ही," मी म्हणालो.

चेअरमन साठीचे, धिप्पाड, पान खाणारे. म्हणाले, "घेता किती?"

"जेवण द्या, जनरेटरला डिझेल द्या, आन् ट्रॅक्टरची एक ट्रॉली. तिच्यावर उभं राहून वाजवू."

"बस?"

"भाषण न्हाई. हार न्हाई. ट्रॉलीवर आमी चौघंच."

"मंग आमी कुठं बसायचं?"

"खाली. समद्यांसंगं."

त्यांनी पान गालात सरकवलं. "लई ताठ हायस बे," म्हणाले आणि हसले. मी उठलो. चौथ्या पावलाला हाक आली, "ए गिटार, ये मागं."

पहिल्या दिवशी आम्ही एक चूक केली. चौघांपैकी तिघांच्या घरी जनावर नव्हतं, आणि ज्याच्या घरी होतं त्या गाणाऱ्याला उत्साहात भान राहिलं नाही. आम्ही संध्याकाळी धारेच्या वेळीच सुरुवात केली. ड्रमचा पहिला ठोका पडला आणि माझ्या गिटारचा तो करकरीत आवाज निघाला, तशी सबंध छावणी उभी राहिली. माणसं नव्हे, जनावरं. दोन वासरं दावं तोडून पळाली. म्हशींनी पान्हा चोरला. एक बाई हातात रिकामी चरवी घेऊन ट्रॉलीपाशी आली. घाटनांदूरकडची होती, बारीक अंगाची, कपाळावर मोठं गोंदण. अंगठाभर उंचीची बाई, पण जनरेटरपेक्षा मोठा आवाज.

"आरं मुडद्यांनो! दूध काय तुमचा बाप देणार हाय का आता?"

मी तापलो. "मावशी, चेअरमनला इचारून वाजवतोय."

"मंग चेअरमनला म्हणावं म्हशीखाली बस."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मला तेव्हा हसता यायचं नाही. गाणारा मात्र ट्रॉलीवरून उडी मारून उतरला, तिच्या हातातली चरवी घेतली आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत अर्धा तास तिच्याशी बोलत बसला. म्हशीने शेवटी थोडं दिलं. मग मावशीने नियम घालून दिला: धारा झाल्यावर वाजवायचं, भोंगे जनावरांच्या उलट दिशेला ठेवायचे, आणि पहिलं गाणं हळू, म्हणजे त्यांना सवय होईल. आम्ही तसंच केलं. चार-पाच दिवसांत म्हशी रवंथ करत ऐकायला लागल्या. मावशी रोज ट्रॉलीच्या चाकाला टेकून सगळ्यात पुढे बसायची.

एकदा तिने मला विचारलं, "तुजं मशीन फाटलंय का? आवाज असा कावून येतो?"

"मुद्दाम फाडतोय, मावशी."

"चांगलं फाडतोस. आमच्या पोटात बी असंच हुतंय."

आमच्या गिटारबद्दल इतकं नेमकं त्यानंतर कुणी बोललं नाही.

छावणीतच आमचं गाणं तयार झालं. पाण्याच्या टँकरची वाट बघण्याचं. गाणारा विचारायचा, "आला का?" आणि लोक म्हणायचे, "न्हाई!" दर कडव्याला प्रश्न वेगळा. सरपंचाच्या दारात आला का, पाटलाच्या वाड्यावर आला का, आमच्या गल्लीत आला का. मधे माझी गिटार, ढँग-ढँग-ढढँग, तीनदा. एवढंच गाणं. आम्ही आधी बसवलेली सगळी गाणी त्याच्यापुढे पोरकट वाटायला लागली. लोक "न्हाई" म्हणायचे तेव्हा ताडपत्र्या हलायच्या.

एका छावणीतून दुसऱ्या छावणीत बोलावणं येत गेलं. वडवणीकडे, घाटनांदूरकडे. शेअर जीपच्या टपावर ड्रम बांधून आम्ही फिरायचो. लोक आम्हाला ट्रॉलीवाले म्हणायला लागले. आमचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि ते चांगलंच झालं. त्या नावात एक इंग्रजी शब्द होता आणि तो आम्हालाही नीट उच्चारता येत नव्हता. पुढे छावण्या उठल्या, लोक जनावरं घेऊन आपापल्या गावी गेले आणि ते गाणं त्यांच्याबरोबर गेलं. कुठल्याही गावात उतरा, आठ-दहा माणसं ओळख दाखवायची. मोबाइलच्या दुकानात ते गाणं मेमरी कार्डात भरून मिळायचं. एकदा एसटीच्या कंडक्टरने गिटारकडे बघून तिकीट फाडता फाडता विचारलं होतं, "आला का?" आणि मागच्या सीटवरून तीन-चार जण ओरडले होते.

मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. दुसऱ्याच्या वर्धापनाला लटकलेला नव्हे, आमचा स्वतःचा कार्यक्रम. केजच्या मैदानावर, मोठं स्टेज, वर आम्ही चौघे. बाकी कुणी नाही. तसं एकदा झालं की परत कुणाच्या बुटापुढे वाजवावं लागणार नाही, हे मला आईच्या पाटीवरच्या भावासारखं स्पष्ट दिसत होतं. एकदा खाली आलेला भाव वर जात नाही, आणि एकदा वर ठरलेला सहसा खाली येत नाही.

मैदान त्याच दूध संस्थेच्या ताब्यात होतं. मी चेअरमनकडे तीनदा गेलो. ते म्हणायचे, आमच्या वर्धापनाला जोडून करू. मी म्हणायचो, जोडून नको. ते म्हणायचे, निदान दीपप्रज्वलन. मी म्हणायचो, दिवे आम्ही लावतो, जनरेटरवर. तिसऱ्या खेपेला मी उठलो, चार पावलं चाललो, आणि हाक आली. ठरलं. ते खाली पहिल्या रांगेत बसतील. स्टेजवर एकही खुर्ची नाही. हात मिळवताना म्हणाले, "शब्द दिला. पर तुजी लोकं तुजं ऐकतील का बघ."

मला वाटलं, उगीच टोमणा मारतायत.

कार्यक्रम दुपारी चारला होता, कारण गावोगावच्या लोकांना परतीच्या गाड्या मिळायला हव्या होत्या. आमच्याकडे सभेला माणसं गाड्या पाठवून आणतात. आम्ही एकही गाडी पाठवली नव्हती. तरी साडेतीनपासून जीपा यायला लागल्या. टेम्पोत उभे राहून बाया आल्या. छावणीतले लोक एकमेकांना भेटत होते, जनावरांची चौकशी करत होते, "तुमची ती शिंगमोडी कशी हाय?" असं चाललेलं. मैदान भरलं, मग कुंपणावर माणसं बसली. ड्रमवाला स्टेजमागे मला म्हणाला, "बे, हे समदे आपल्यासाठी आलेत." बेसवाला म्हणाला, "हां." त्याच्यासाठी ते भाषण होतं.

आम्ही पाच गाणी वाजवली. चेअरमन पहिल्या रांगेत बसले होते, शब्द पाळून. शेवटी टँकरचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, "न्हाई!" असा आवाज उठला की माझ्या छातीत गिटार न वाजवता वाजत होती. आणि तिसऱ्या कडव्याआधी गाणाऱ्याने हात वर केला.

"एक मिनिट," तो माइकमध्ये म्हणाला. "त्या साली छावणीची यादी बंद झाल्यावर माझा बाप बैलजोडी घेऊन दारात उभा हुता. ज्यांनी आत घेतलं ते खाली बसल्यात. हे मला बरं वाटत न्हाई. काका, वर या. आरं, एक खुर्ची आणा."

चेअरमननी हाताने नको नको केलं आणि माझ्याकडे बघितलं. पण तोवर कुणीतरी खुर्ची वर दिली होती. माझ्या गिटारच्या अँप्लिफायरशेजारी ती ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चेअरमनना दोघांनी हाताला धरून वर चढवलं. ते बसले, अगदी टोकावर.

मी गाणाऱ्याच्या कानाशी गेलो. "खाली उतरव त्यांना."

"आरं, दोन मिनिटं."

"आपलं ठरलं हुतं."

"तुजं ठरलं हुतं," तो म्हणाला. "आमच्या बैलांचं तू काय ठरवलं हुतंस?"

माझं डोकं सटकलं. जनरेटर माझा, त्याची किल्ली माझ्याकडे. मी स्टेजमागे गेलो, जनरेटर बंद केला, किल्ली खिशात घातली, गिटार खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरलो. मैदानाच्या कडेने चालायला लागलो. एक, दोन, तीन, चार.

हाक आली नाही.

मागे मोठा गलका उठला होता. मला वाटलं, माझी हुर्यो उडवतायत. मी पाचवं पाऊल टाकलं, सहावं टाकलं, आणि मग मोजणं सोडून एसटी स्टँडवर गेलो. चहा मागवला. पैसे द्यायला खिशात हात घातला तर किल्ली हाताला लागली. अजून ऊन होतं. घरी जाणारी पहिली गाडी पकडली.

गाणारा दोनदा घरी आला. मी बाहेर आलो नाही. आई दारात जाऊन "न्हाई घरी" म्हणाली, माझी चप्पल उंबऱ्यातच पडलेली असताना. ड्रमवाल्याने निरोप पाठवला, मी निरोप्याला तसाच परत पाठवला. पुढे तो नोकरीला बाहेर गेला. बेसवाला एकदा बाजारात समोर आला आणि काही न बोलता गेला. त्याचं काही नवीन नव्हतं. बँड संपला. कुणी त्या दिवसाचा विषय काढला की मी उठून जायचो, मग लोकांनी काढायचा सोडला. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं होतं: कार्यक्रम मी बंद पाडला, आणि कारण त्याने दिलं. जनरेटरवरूनच पुढे मंडपाचा धंदा उभा केला. भांडून, अडून, उठून जाऊन. गाणारा त्याच दूध संस्थेचा संचालक झाला. माझ्या खुर्च्यांवर बसतो. तो येणार असला की मी टेम्पोच्या केबिनमध्ये जाऊन बसतो. ते आता सगळ्यांना माहीत आहे.

परवा घाटनांदूरला बायकांच्या बचत गटांचा मेळावा होता, सकाळी अकराचा. मी खुर्च्या लावून घेत होतो. ओळीने बसलेल्या बायकांतून एक म्हातारी उठून आली. बारीक अंग, कपाळावर गोंदण.

"ट्रॉलीवाला न्हवं का तू?"

"हाव, मावशी."

"लई जाडा झालास. गाणं म्हणत न्हाईस आता?"

"बंद पडलं ते. त्या दिवशीच."

"कवा बंद पडलं?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच यडा. "तू गेलास. गाणं कुठं बंद पडलं? पुरं केलं की आमी."

"आवाज कसा आला? जनरेटर बंद हुता."

"आमाला काय जनरेटर लागतो व्हय? त्यो पोरगा मोठ्यानं इचारायचा, आमी न्हाई म्हणायचो. त्यो ड्रमवाला बडवत हुता. आन् तुजं ते ढँग-ढँग आमी तोंडानं केलं. समद्या मैदानानं." ती ते करून दाखवायला लागली, ढँग-ढँग-ढढँग, पदराने तोंड झाकून, हसत. बरोबर तीनदा.

मी बैठकीखाली हात घालून धरलेली खुर्ची तशीच खाली ठेवली.

"आन् चेअरमन?" मी विचारलं.

"त्यांला मागं बसून काय बी ऐकू येईना भोंग्याबिगर. मंग सोता उतरले, खुर्ची बी खाली घेतली, आन् आमच्यात येऊन बसले. न्हाई न्हाई म्हणत हुते लेकरावानी." मग ती म्हणाली, "तुला किती हाका मारल्या रं. दोन-चार जण रस्त्यापोतर पळत आलते. तू मागंच बघितलं न्हाईस."

म्हणजे तो गलका हाकांचा होता.

स्टेजवर चौघांऐवजी तिघं, खुर्ची एकही नाही, आणि सगळं मैदान माझी गिटार तोंडाने वाजवतंय. मला जे हवं होतं ते झालं होतं. मी स्टँडवर चहा पीत होतो.

बाराच्या सुमाराला संचालकांची गाडी आली. मी टेम्पोकडे जायला वळलो आणि गेलो नाही. स्टेजच्या पायऱ्यांजवळ उभा राहिलो. तो उतरला, कानापाशी केस पिकलेले, मला बघून थबकला, मग मान खाली घालून स्टेजकडे निघाला. मी मोजत होतो. चौथं पाऊल गेलं, पाचवं गेलं. तो पायरी चढून खुर्च्यांच्या रांगेपाशी पोचला तेव्हा कुठे माझ्या तोंडून हाक निघाली. इतक्या उशिरा मारलेल्या हाकेला बाजारात काही किंमत नसते, हे मला माहीत आहे.

तो वळला.

"ती तिसरी खुर्ची हलते," मी म्हणालो. "दुसरी घे."

त्याने त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, कव्हरला धरून, आणि जरा हलवून बघितली.

"हलू दे," तो म्हणाला. "तुजीच हाय न्हवं?"

आणि तिच्यावरच बसला.